उंबरठ्यावरील सेवा : प्राचीन इस्राएली उपासनेतील नेमणुका आणि चोखोबांची अभंगवाणी

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात असलेले मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळा यांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ओळखले जाते. चोखोबांचे पुढील आयुष्य मंगळवेढा-पंढरपूर परिसरात गेले. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले व त्याखाली त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्या दारातून आत जाता आले नाही, त्याच दारासमोर मृत्यूनंतर त्यांना कायमची जागा मिळाली. ही जागा सन्मानाची मानावी की बहिष्काराची, हा प्रश्न मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकाला आजही अस्वस्थ करतो.

उपासनेत कोणी कोठे उभे राहावे, कोणी काय उचलावे, कोणी कशाला स्पर्श करू नये, हे देवानेच ठरवून दिले आहे, अशी धारणा अनेक प्राचीन समाजांत आढळते. या धारणेचे अत्यंत तपशीलवार लेखन प्राचीन इस्राएली लोकांच्या धर्मग्रंथांत, विशेषतः 'लेवीय', 'गणना' आणि 'इतिहास' या पुस्तकांत झाले आहे. त्याच ग्रंथसमूहातील 'स्तोत्रसंहिते'त दाराशी उभ्या असलेल्या सेवकांच्या नावावर असलेली काव्यरचनाही आहे. त्यामुळे या ग्रंथांशेजारी चोखोबांची वाणी ठेवून वाचली असता दोहोंविषयी काही नवे हाती लागते काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध होता असे येथे सुचवावयाचे नाही. हा केवळ संहितांचा तौलनिक विचार आहे. स्तोत्रांची व अभंगांची कर्तृत्वे परंपरेने मानली आहेत तशीच येथे स्वीकारली आहेत.

छावणीची रचना आणि कामांची वाटणी

'गणना' या पुस्तकाचा आरंभ शिरगणतीने होतो. अरण्यातून वाटचाल करणाऱ्या बारा वंशांची छावणी कशी असावी, याचा जणू नकाशाच दुसऱ्या अध्यायात दिला आहे. मध्यभागी दर्शनमंडप, पूर्वेस यहूदाचा, दक्षिणेस रऊबेनाचा, पश्चिमेस एफ्राइमाचा आणि उत्तरेस दानाचा झेंडा. प्रत्येक झेंड्याखाली तीन वंश. या बाहेरच्या चौकोनाच्या आत लेवी वंशाचा दुसरा चौकोन असून त्यात पश्चिमेस गेर्षोन, दक्षिणेस कहाथ व उत्तरेस मरारी यांची कुळे आहेत. पूर्वेस, म्हणजे प्रवेशद्वाराच्या बाजूस, मोशे आणि अहरोन यांचे तंबू आहेत. पवित्रस्थानापासूनचे अंतर हेच येथे पदाचे माप आहे.

चौथ्या अध्यायात तीस ते पन्नास वर्षे वयाच्या लेव्यांची गणती येते. कहाथाचे २,७५०, गेर्षोनाचे २,६३० आणि मरारीचे ३,२०० असे एकूण ८,५८० सेवक मोजले आहेत. गेर्षोनाकडे पडदे व आच्छादने, मरारीकडे फळ्या, अडसर, खांब व बैठका, तर कहाथाकडे कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष आणि वेद्या अशी वाटणी आहे. पुढे सातव्या अध्यायात गेर्षोनास दोन गाड्या व चार बैल, मरारीस चार गाड्या व आठ बैल मिळतात. कहाथास मात्र एकही गाडी मिळत नाही, कारण त्यांनी पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यावयाच्या असतात.

आषाढीच्या पालखी सोहळ्यातील रथापुढील व रथामागील दिंड्यांचे क्रम आणि चोपदाराचा दंड पाहिलेल्या मराठी वाचकाला या वर्णनाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. क्रम मोडला तर केवळ गैरसोय होत नाही, सोहळ्याचे पावित्र्यच उणावते, ही भावना दोन्हीकडे आहे. 'इतिहास' या पुस्तकात हाच क्रम फिरत्या मंडपाकडून स्थिर मंदिराकडे येतो. तेथे दाविदाच्या नावावर ३८,००० लेव्यांची वाटणी नोंदविली आहे : २४,००० मंदिराच्या कामावर, ६,००० अंमलदार व न्यायाधीश, ४,००० द्वारपाळ आणि ४,००० वादक. याजकांचे चोवीस वर्ग व गायकांचे चोवीस वर्ग चिठ्ठ्या टाकून ठरतात. गायक व द्वारपाळ यांच्या बाबतीत लहान-थोर असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्याचे ग्रंथकार मुद्दाम नोंदवितो. काम वंशाने ठरलेले असले, तरी पाळी कोणाची हे मानवी वशिल्याबाहेर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. युलियस वेलहाउझेन यांनी १८७८ साली मांडलेल्या विवेचनापासून अभ्यासकांचा एक मोठा वर्ग असे मानतो की, याजक व लेवी यांच्यातील हा काटेकोर भेद अरण्यकाळातील नसून बऱ्याच उत्तरकाळातील याजकवर्गाने तो मागे नेऊन मोशेच्या काळात बसविला आहे. 'अनुवाद' या पुस्तकात लेवी व याजक यांच्यात असा भेद स्पष्ट दिसत नाही, हे या मताचे एक गमक होय. ईश्वरी क्रमाचे वर्णन त्या क्रमाचा लाभ ज्यांना मिळतो त्यांच्याच लेखणीतून आले आहे, हे विसरून ही संहिता वाचता येणार नाही.

खांद्यावर भार, डोळ्यांना बंदी

लेव्यांच्या कामासाठी मूळ हिब्रूत 'अवोदा' हा शब्द येतो. या शब्दाचा अर्थ श्रम असाही होतो आणि उपासना असाही होतो. जेकब मिलग्रोम यांनी १९७० साली लेवीविषयक परिभाषेच्या अभ्यासात दाखवून दिले की, मंडपासंबंधीच्या याजकीय संहितेत हा शब्द प्रत्यक्ष अंगमेहनतीच्या कामासाठी, म्हणजे मंडप उकलणे, उचलणे व उभारणे यांसाठी वापरलेला आहे. आणि 'मिश्मेरेत' हा दुसरा शब्द पहाऱ्याच्या कामाचा वाचक आहे. मराठीतील 'सेवा' या शब्दातही अशीच दुहेरी छटा आहे. देवाची सेवा आणि धन्याची सेवा यांत शब्द एकच, परंतु प्रतिष्ठा वेगळी.

कहाथाच्या कुळाची स्थिती या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. सर्वांत पवित्र वस्तू त्यांच्या खांद्यावर असतात. परंतु त्या वस्तू अहरोन व त्याचे पुत्र यांनी आधी झाकून ठेवल्यावाचून त्यांना जवळ जाता येत नाही. स्पर्श केला तर मृत्यू, क्षणभर पाहिले तरी मृत्यू. ज्याचा भार वाहायचा त्याचे दर्शन घ्यायचे नाही, अशी ही सेवा आहे. ग्रंथकार तिला संरक्षणाचे रूप देतो. कहाथाच्या कुळाचा नाश होऊ नये म्हणून प्रत्येकाचे काम व ओझे अहरोनाने नेमून द्यावे, असे तो म्हणतो. नेमणूक ही येथे मर्यादा आहे आणि कवचही आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. लेव्यांना भूमीचा वाटा नाही. त्याऐवजी सर्व इस्राएलाकडून दशांश मिळतो आणि राहण्यास अठ्ठेचाळीस नगरे मिळतात. अंगात व्यंग असलेल्या अहरोनवंशीयाला वेदीजवळ जाता येत नाही, तरी पवित्र अन्नातील त्याचा वाटा कायम राहतो. म्हणजे कामातून वगळले तरी हिश्श्यातून वगळलेले नाही. मात्र हा नियम सर्वांना लागू नव्हता. 'यहोशवा' या पुस्तकातील गिबोनकरांना शिक्षा म्हणून वेदीसाठी लाकडे तोडण्याचे व पाणी भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या लावून दिले जाते. तेथे नेमून दिलेली सेवा हा शाप आहे. इस्राएली व्यवस्थेत सेवेची ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

'गणना'तील तीन प्रश्न

या नेमणुकांना आव्हान देणारा कोरह हा कहाथाच्याच कुळातील आहे, हा योगायोग वाटत नाही. ज्यांच्या खांद्यावर कोश आहे, त्यांच्यातूनच बंड उद्भवते. सोळाव्या अध्यायात कोरह अडीचशे पुरुषांसह मोशे व अहरोन यांच्यासमोर उभा राहतो. सर्व मंडळी पवित्र आहे, परमेश्वर सर्वांमध्ये आहे, मग तुम्हीच स्वतःला उच्च का मानता, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा आशय असत्य नाही. 'निर्गम' या पुस्तकात सबंध प्रजेलाच याजकांचे राज्य म्हटलेले आहे. तरीही भूमी दुभंगते, अग्नी प्रकटतो आणि बंड मोडले जाते.

केवळ या प्रसंगावरून 'गणना' हे पुस्तक अधिकाराच्या बाजूचे ठरविण्याचा मोह होतो. परंतु त्याच पुस्तकात असे आणखी दोन प्रश्न विचारले गेले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत. नवव्या अध्यायात प्रेताच्या स्पर्शाने अशुद्ध झालेले काही पुरुष मोशेकडे येतात. आम्ही अशुद्ध आहोत हे खरे, पण वल्हांडणाच्या सणात परमेश्वराला अर्पण करण्यापासून आम्हाला का रोखावे, असे ते विचारतात. मोशे स्वतः उत्तर देत नाही, थांबून देवाला विचारतो. उत्तर मिळते ते असे की, अशांनी दुसऱ्या महिन्यात सण पाळावा. सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच कन्या पित्याचा वारसा मागतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे असा निर्वाळा मिळून नियमच बदलतो. विशेष म्हणजे आपला पिता कोरहाच्या टोळीत नव्हता, असे त्या आरंभीच स्पष्ट करतात. ग्रंथकाराच्या मनात या प्रश्नांचा परस्परसंबंध होता, याचा हा पुरावा मानता येईल.

तीन प्रश्नांतील फरक मागणीच्या स्वरूपात आहे. कोरहाने सर्वांच्या पावित्र्याची भाषा वापरली. परंतु मोशेच्या उत्तरावरून त्याला याजकपद हवे होते असे दिसते. अशुद्ध झालेले पुरुष आणि सलाफहादाच्या कन्या पद मागत नाहीत, वाटा मागतात. वाट्याची फिर्याद आली की ईश्वरी म्हटलेला नियमही वाकतो आणि नवी वाट काढली जाते. संहितेतील हा तिसरा सूर आजवर पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

उंबरठ्याची दोन रूपे

कोरहाची कथा त्याच्या मृत्यूने संपत नाही. बंडखोरांची पितळी धुपाटणी ठोकून त्यांचे पत्रे वेदीला मढविले जातात. कोरहाचे पुत्र मेले नाहीत, असे सव्विसाव्या अध्यायात एका लहानशा वाक्यात सांगितले आहे. 'इतिहास' या पुस्तकात याच कोरहाचे वंशज मंडपाच्या उंबरठ्यांचे राखणदार आहेत, आणि मंदिरगायकांचा अग्रणी हेमान हाही त्याच्याच वंशातला आहे. स्तोत्रसंहितेतील अकरा स्तोत्रांच्या शीर्षकांत कोरहपुत्रांचा उल्लेख येतो. बंडखोराच्या वंशजांना व्यवस्थेने दारावर उभे केले आणि त्यांच्या मुखी गाणे दिले.

यांपैकी चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात कवी देवाच्या अंगणांसाठी झुरतो. वेदीपाशी घरटे करणाऱ्या चिमणीचा त्याला हेवा वाटतो; आणि दुर्जनांच्या तंबूंत राहण्यापेक्षा देवाच्या घराचा उंबरठा आपण पसंत करू, असा त्याचा भाव आहे. एरवी ही नम्रतेची सामान्य उक्ती वाटली असती. परंतु ती द्वारपाळांच्या कुळाच्या नावावर आहे हे ध्यानात घेतले की तिला कामाचा गंध येतो. उंबरठा हे येथे रूपक नाही, ते नेमणुकीचे ठिकाण आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर निखळ अंधारात होतो. आशेचा एकही शब्द नसलेली ही प्रार्थना मंदिराच्या अधिकृत गानसंग्रहात राहिली, ही गोष्ट त्या परंपरेविषयी बरेच काही सांगते.

आता चोखोबांकडे वळू. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. उसाचे वाकडेपण आणि रसाचा सरळपणा यांचा दाखला देऊन बाह्य रूपाला भुलू नका असे सांगणारे चोखोबा सर्वांना परिचित आहेत. परंतु विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा अभंग तो, ज्यात ते विठ्ठलाला लवकर धाव घेण्यास सांगतात. बडवे आपल्याला मारतात, आणि देवाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला असे विचारतात, अशी तक्रार ते मांडतात. जोहाराच्या अभंगांत ते महाराच्या गावकामाची भाषा देवापुढे आणतात. उष्ट्यासाठी आलेला, निरोप पोहोचविणारा, हिशेब देणारा गावचा महार येथे विठ्ठलाच्या दारचा सेवक होतो.

चोखोबांच्या वाणीचे वर्णन 'करुण' व 'शरणागत' या विशेषणांनी करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. हे वर्णन अपुरे आहे, असे या तुलनेनंतर म्हणावेसे वाटते. चोखोबा बडव्यांचे पद मागत नाहीत, या अर्थी ते कोरह नाहीत. परंतु ते गप्पही बसत नाहीत. त्यांचे अभंग 'गणना'च्या नवव्या अध्यायातील पुरुषांच्या जातीचे आहेत. तुम्ही मला अशुद्ध म्हणता, मग अर्पण करण्यापासून मला का रोखता, ही ती फिर्याद आहे. ती करुणा भाकणे नव्हे. सोयराबाईंनी हाच युक्तिवाद पुढे नेला. विटाळावाचून कोणाचाच देह जन्मत नाही, मग शुद्ध कोण, असे विचारून त्यांनी विटाळाच्या कल्पनेच्या मुळालाच हात घातला. पुत्र कर्ममेळा तर देवालाच हीन जन्माचा जाब विचारतो. एकाच कुटुंबात फिर्याद, युक्तिवाद आणि जाब अशा तीन पायऱ्या आढळतात.

साम्य येथे संपते. प्रेतस्पर्शाची अशुद्धता सात दिवसांची होती व तिच्या निवारणाचा विधी होता. चोखोबांवर लादलेला विटाळ जन्माचा होता आणि त्याला निवारण नव्हते. कोरहवंशीय द्वारपाळाचा उंबरठा व्यवस्थेच्या आतला होता. त्याला दशांशातील हिस्सा होता, राहण्यास जागा होती आणि रोज सकाळी दार उघडण्याचा अधिकार होता. चोखोबांचा उंबरठा व्यवस्थेच्या बाहेरचा होता. गावकुस बांधण्याचे श्रम त्यांच्याकडे होते, पण कुसाच्या आत घर नव्हते. 'अवोदा' या शब्दातील श्रम त्यांच्या वाट्याला आले, उपासना आली नाही. मोशे ज्या प्रश्नाशी थांबला, त्या प्रश्नाशी पंढरपुरात थांबणारे कोणी नव्हते. साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर ते दार उघडले, म्हणजे चोखोबांच्या फिर्यादीचा निकाल लागण्यास सहा शतकांहून अधिक काळ लोटला.

वंशाधिकार संपल्यावर क्रमाचे काय होते?

वंशपरंपरेने चालत आलेल्या नेमणुका काढून घेतल्या तर उपासनाच कोलमडेल, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. या युक्तिवादाची परीक्षा इतिहासाने दोन्ही परंपरांत घेतली आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि याजकांचे यज्ञकार्य थांबले. उपासना मात्र थांबली नाही; ती सभास्थानात, घरात आणि ग्रंथपठणात आली. याचे मराठी उदाहरण कोकणातील बेने इस्राएल समाजाचे आहे. याजक व लेवी कुळे नसताना शब्बाथ, सुंता व सण यांचा क्रम या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी जपला. विधींसाठी काजी असत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान बांधले. एलीया संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ वा साखर, खोबरे व फळे यांचे ताट सिद्ध होते. धान्याच्या या अर्पणात 'लेवीय'मधील अन्नार्पणाचे स्मरण दिसते, पण त्यासाठी याजक लागत नाही. क्रम टिकला, वंशाधिकाराची गरज उरली नाही.

पंढरपुरात बडव्यांखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे असे सात सेवाधारी होते. मंत्र म्हणणारा वेगळा, पाणी आणणारा वेगळा, आरसा दाखविणारा वेगळा, दिवटी धरणारा वेगळा आणि चांदीचा दंड घेऊन उभा राहणारा वेगळा. लेव्यांच्या वाटणीची आठवण यावी असेच हे चित्र आहे. न्या. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ झाला, आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने जातीचे बंधन न ठेवता, स्त्रियांकडूनही, पूजेच्या कामासाठी अर्ज मागविले. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा नित्यक्रम त्यानंतरही चालूच आहे.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप विसरता येत नाही. संतांनी देवाच्या दृष्टीने माणसे समान असल्याचे सांगितले, परंतु माणसामाणसांतील समतेसाठी जातिव्यवस्थेशी झुंज दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. या दोन गोष्टींत विसंगती नाही. फिर्याद करणाऱ्याचे मोल मान्य करूनही, केवळ फिर्यादीने न्याय मिळत नाही. त्यासाठी कायदा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

निष्कर्ष

१. प्राचीन इस्राएली उपासनेतील नेमणुकांत क्रम आणि वंशाधिकार या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. वंशाधिकार संपूनही क्रम टिकू शकतो, हे बेने इस्राएल समाजाच्या व पंढरपूरच्या उदाहरणांवरून दिसते.

२. 'गणना' या पुस्तकात व्यवस्थेला विचारलेल्या प्रश्नांना एकच उत्तर नाही. पदाची मागणी फेटाळली गेली, तरी वाट्याची फिर्याद ऐकून नियम बदलल्याची उदाहरणे त्याच संहितेत आहेत.

३. कोरहपुत्रांची स्तोत्रे आणि चोखोबांचे अभंग या दोन्ही उंबरठ्यावरून उमटलेल्या रचना आहेत. एक उंबरठा हिश्श्याचा आहे, दुसरा बहिष्काराचा. हा भेद पुसून दोहोंना केवळ 'नम्र भक्तीची उदाहरणे' म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही.

४. चोखोबांची वाणी शरणागतीइतकीच फिर्यादीची वाणी म्हणून वाचली जावी. सोयराबाई व कर्ममेळा यांच्या रचना तिच्याच पुढील पायऱ्या आहेत.

कोणत्याही उपासनेतील क्रम ईश्वरी आहे की नाही, हे ठरविणे समीक्षेचे काम नाही. परंतु त्या क्रमात दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हिस्सा आहे काय आणि त्याचा प्रश्न ऐकण्यासाठी कोणी थांबते काय, एवढे दोन प्रश्न समीक्षेला विचारता येतात. मेहुणा राजात जन्मलेल्या या कवीने ते आपल्या भाषेत विचारून ठेवले आहेत.